वासावरची पूड

शेजारच्या लीलेनं कुंपणापलीकडून ओरडून सांगितलं तेव्हा कुठं कणारन छपरावर चढला. "कणारेट्टा, अहो दादा, तुमच्या घरात उंदीर मेलाय हो कुठंतरी! आमच्या ओसरीवर बसून घास गिळवत नाही. स्वतःचं छप्पर सोडून गावाची छपरं काय चाळत बसता?"

गावाची छपरं चाळणं हाच कणारनचा धंदा होता. फेरोक गावच्या कौलांच्या कारखान्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. कारखाना बंद पडला, आणि ज्या कौलांना एके काळी भट्टीत घातलं त्यांनाच लोकांच्या छपरांवर चढून सरळ करायचं काम त्याच्याकडे आलं. फुटकं काढायचं, चांगलं बसवायचं, पट्ट्यांखालची घाण झाडायची. साठी उलटली होती, पण वाशावर पाय अजून अचूक पडायचा.

त्यानं एका कडेपासून कौलं उतरवायला सुरुवात केली. खाली उंबऱ्यात त्याची मोठी बहीण मातू बसली होती. घरात उदबत्त्या जळत होत्या. हल्ली ती दिवसभर उदबत्त्या लावायची, आणि गळ्यावर पावडर थापायची.

"उंदीर तिच्याच घरात मेला असेल," मातू वर न बघता म्हणाली. "इकडं सांगायला येते."

कणारननं पुढचं कौल उचललं. पहिल्या दिवशी उंदीर सापडला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मग तो मातूच्या खोलीवरच्या भागाकडे सरकला. तो अजून दुसऱ्या टोकाला आहे असं मातूला वाटलं असावं. त्यानं एक कौल उचललं, खालून भपकारा आला, आणि भोकातून त्याला मातू दिसली. ती खाटेच्या कडेवर बसून झंपर उतरवून छातीवरचं फडकं सोडवत होती. फडकं चिकटलं होतं. ती पाण्यानं भिजवून ते हळूहळू ओढत होती, आणि खाली जे होतं ते छातीसारखं राहिलं नव्हतं.

कणारननं कौल होतं तिथं परत ठेवलं. मग बाकीची सगळी कौलंही बसवली. आभाळात ढग नव्हता, घाई नव्हती, पण एकेक कौल त्यानं दाबून बघितलं. खाली उतरून त्यानं पाय धुतले. मातूनं त्याच्यापुढं पेज आणि तळलेली तारली ठेवली.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"काय कधीपासून?"

"चेची," तो म्हणाला. थोरल्या बहिणीला तो लहानपणापासून हीच हाक मारायचा.

मातूनं पेजेवरची माशी हाकलली. "गेल्या ओणमच्या आधीपासून. आधी सुपारीएवढं होतं."

"सांगायचं नाही?"

"कुणाला?" मातू म्हणाली. "तू बोलतोस का माझ्याशी?"

हे खरं होतं. त्या घरात मीठ संपलं, तेल आणायचं, वीज गेली, एवढंच बोलणं व्हायचं. भांडण म्हणावं तर तेही कधी झालं नव्हतं. आई गेली तेव्हा कणारन लहान होता, आणि मातूनंच त्याला वाढवलं. ती नदीकाठी सोडणं, म्हणजे नारळाची वरची सालं, बडवायला जायची. नारळाची सोडणं महिनोन् महिने खाडीच्या चिखलात पुरून कुजवायची, मग उपसायची, आणि बायकांनी रांगेत बसून ती मोगरीनं बडवून काथ्या मोकळा करायचा. त्या कुजट पाण्याचा वास तिच्या केसांत, हातांत, अंथरुणात मुरलेला असायचा. कणारन त्याच वासात कुशीला झोपून मोठा झाला. एकदा तिचं लग्न झालं होतं. वर्षाच्या आत ती परत आली, का ते कुणाला बोलली नाही, आणि पुन्हा मोगरी हातात घेतली.

पुढं कणारन कारखान्यात लागला. तिथं ओल्या मातीचे गोळे डोक्यावरून वाहणाऱ्या बायकांत दाक्षायणी होती. तिला एक मूल होतं, आणि मुलाचा बाप कधीच निघून गेला होता. कणारननं घरी विचारलं. मातू नारळ सोलत होती, तिनं मानसुद्धा वर केली नाही. "दुसऱ्याचं पोर कडेवर घेऊन कुणी या पायरीवर चढायचं नाही. मी असेपर्यंत नाही."

कणारननं ऐकलं. त्यानं आदळआपट केली असती, घर सोडलं असतं, तर गोष्ट वेगळी झाली असती. त्यानं ते काहीच केलं नाही. दाक्षायणीचं पुढं बेपूरच्या एका होडीवाल्याशी जमलं. कणारन कामावर जात राहिला, पगार मातूच्या हातात ठेवत राहिला, फक्त बोलायचा थांबला. सुरुवातीला तो राग होता. नंतर राग कधी गेला ते त्याला कळलं नाही, आणि न बोलायची सवय तेवढी राहिली.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात तो मातूला घेऊन गेला. बसमध्ये त्यांच्या पुढच्या बाकावरचं जोडपं उठून दाराशी जाऊन उभं राहिलं. मातूनं पदर घट्ट ओढून घेतला. कणारन खिडकीबाहेर बघत राहिला. डॉक्टरीणबाई भली होती. तिनं सगळं तपासलं, कणारनला बाहेर नेलं आणि सांगितलं की हा कॅन्सर कापून काढण्यापलीकडं गेलाय, आता तिला त्रास होणार नाही एवढंच बघायचं. गावातल्या पॅलिएटिव्हच्या, म्हणजे घरोघर जाऊन अशा रोग्यांची सेवा करणाऱ्या मंडळींना कळवते, ते घरी येतील.

"बरं," कणारन म्हणाला. आपल्याला आता काहीतरी वाटायला हवं, असं त्याला वाटलं. तो थोडा वेळ थांबला. मग दोघांसाठी चहा आणायला गेला.

त्यानंतर वास वाढतच गेला. उदबत्त्यांनी तो झाकला जाईना, उलट उदबत्तीचा वासच सडका वाटायला लागला. लीलेनं त्या बाजूची खिडकी कायमची लावून घेतली. धाकटी बहीण वसंता एकदा आली, अंगणात उभी राहिली, केळ्यांचा घड पायरीवर ठेवला, तोंडावर पदर धरून रडली आणि पायरी न चढता गेली. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. "चेचीला त्रास होईल एवढ्या गर्दीत," जाताना ती कणारनला म्हणाली. "तुम्ही दगदग करू नका." कणारननं मान हलवली. आत मातूनं ऐकलं होतं.

"माझं ताट बाहेरच ठेवत जा," ती त्या दुपारी म्हणाली. "मलाच माझ्याजवळ बसून जेववत नाही."

मग एका गुरुवारी बीरानकोया आला. कोया कारखान्यात भट्टीवर होता, कणारनच्या बरोबरीचा. पुढं काही वर्षं आखातात जाऊन पोट सुटून परत आला होता आणि आता पॅलिएटिव्हची जीप चालवायचा. त्याच्याबरोबर सुलैखा नावाची नर्स होती, डोक्यावर ओढणी, हातात मोठी पेटी. दोघं सरळ आत आले. नाकाला कुणी हात लावला नाही. कोया खाटेच्या कडेवरच बसला.

"काय मातूअम्मा! अजून इथंच का? मला वाटलं, वर जाऊन माझ्यासाठी जागा धरून ठेवली असेल."

"तुला तिथं कोण घेणार रे?" मातू म्हणाली. पुष्कळ दिवसांत ती अशी बोलली नव्हती.

सुलैखानं कोयाला बाहेर पिटाळलं आणि पट्टी सोडली. कणारनही बाहेर निघाला, तर तिनं विचारलं, "घरात बाईमाणूस कोण आहे?"

"कोणी नाही."

"शेजारची?"

"ती यायची नाही."

"मग कणारेट्टा, तुम्ही थांबा. रोज करावं लागेल हे. मी रोज कुठून येणार?"

कणारन दाराकडे तोंड करून उभा राहिला. मातू डोळे मिटून म्हणाली, "त्याला नको शिकवूस. भाऊ आहे तो."

"अम्मा, जखमेला भाऊबिऊ कळत नाही," सुलैखा म्हणाली. "कणारेट्टा, वळा. पाणी उकळून मीठ घालून निववायचं. त्यानं भिजवायचं, ओढायचं नाही. ओढलं की रक्त येतं."

मग तिनं पेटीतून गोळ्यांची पाकिटं काढली. कणारननं त्या ओळखल्या. कारखान्यात निम्म्या माणसांना आव व्हायची, आणि दवाखान्यातून ह्याच गोळ्या मिळायच्या, मेट्रोनिडाझोल. खाल्ल्या की दिवसभर तोंडात गंजकं लोखंड चघळल्यासारखं व्हायचं, आणि वर ताडी बंद.

"ही तर पोटाची गोळी," तो म्हणाला.

"पोटाचीच. पण आपण खायला नाही द्यायची. कुटायची आणि वरून भुरभुरायची." तिनं स्टीलच्या वाटीत गोळ्या टाकल्या आणि पेल्याच्या बुडानं रगडल्या. "मेलेल्या मांसात, हवा पोचत नाही तिथं, जंतू वाढतात. वास अम्माचा नाही, त्यांचा आहे. ते मेले की वास जातो. दुखणं नाही हं जायचं. ते मी खोटं सांगणार नाही."

मातूनं डोळे उघडले. "हवा लागत नाही तिथं? आमच्या सोडणाच्या खड्ड्यात असतात तसले?"

सुलैखानं वाटी खाली ठेवली. "हो अम्मा. त्यांच्याच भावकीतले म्हणा."

"घ्या," मातू म्हणाली, "जन्मभर त्यांच्याच जिवावर पोट भरलं. आता ते माझ्यावर भरतायत."

बाहेरून कोयाचं खदखदून हसू ऐकू आलं. कणारनला हसू आलं नाही. तो पूड बघत होता. विटकरी कौलाच्या भुग्याची त्याला सवय होती. ही पांढरी होती, किंचित पिवळट.

दुसऱ्या दिवसापासून सकाळचं ते काम त्याच्याकडे आलं. पाणी उकळायचं, हात साबणानं चोळून धुवायचे, गोळ्या रगडायच्या. पहिल्यांदा त्यानं मान वळवून पट्टी सोडली आणि बोटं भलतीकडं गेली, मातू कळवळली. त्यानंतर मात्र तो बघून करायला लागला. एखादं छप्पर बघावं तसं बघायचा: इथं ओल आहे, इथं कड सुटलीय, इथं जास्त पूड लागेल. ज्या छातीशी त्याला लहानपणी धरलं होतं ती हीच, हे त्याला माहीत होतं. पण ते एखाद्या गावाचं नाव माहीत असावं तसं माहीत होतं. हात थरथरायचे नाहीत. सुलैखानं त्याचं कौतुक केलं तेव्हा त्याला ओशाळल्यासारखं झालं, कारण हात का थरथरत नाहीत हे त्याचं त्याला कळत होतं.

कधी पूड उडून ओठांवर बसायची आणि सकाळचा चहा कडू लागायचा. तो तसाच प्यायचा.

आठवडा उलटायच्या आत वास उतरला. एकदम नाही. आधी ओसरीवरून गेला, मग मधल्या खोलीतून, मग एके सकाळी पट्टी सोडताना कणारनला फक्त मिठाच्या पाण्याचा आणि साबणाचा वास आला. मातूनं स्वतः उदबत्त्यांचा पुडा काढून त्याच्यापुढं टाकला. "फेकून दे हे. डोकं उठतं."

आणि ती म्हणाली, "आज तारली आण. लाल रस्सा कर, चिंच जास्त घाल." ताट तिनं खाटेवरच मागून घेतलं.

वास गेल्याचं गावाला कसं कळतं कोण जाणे. लीलेची खिडकी उघडली. ती फणसाची भाजी घेऊन आली, आणि दोन खोल्यांत हिंडून नाकानं चाचपणी करून म्हणाली, "सापडला वाटतं उंदीर?"

"सापडला," मातू म्हणाली. "बस."

लीला बसली आणि मग रोज यायला लागली. वसंता आली, लग्नाच्या बांगड्या, साड्या घेऊन आली, खाटेवर सगळं पसरून बसली. तिच्या मुलीनं मातूच्या पाया पडून रडून घेतलं. दुपारच्या वेळी घर भरलेलं असायचं. कुणी पान कुटून देत होतं, कुणी पाय चेपत होतं. सगळ्यांना मातूबद्दल फार वाटत होतं, आणि ते खोटं नव्हतं. मधले दिवस त्यांच्या अंगावरून पुसले गेले होते. कणारन माणसं आली की बाहेर जाऊन फणसाखाली बसायचा. वासाच्या दिवसांत त्याला निदान कामं होती. आता लोक विचारायचे, "कणारा, तुझं कसं काय?" आणि तो फणसाची पडलेली पानं गोळा करायला लागायचा.

मातूनं एके दिवशी कोयाला एकट्याला आत बोलावून काहीतरी सांगितलं. पुढच्या गुरुवारी जीप आली, तेव्हा सुलैखाच्या मागून एक म्हातारी बाई उतरली. जाड, चष्मा लावलेली, गुडघ्यांवर हात ठेवून चालणारी. कणारन फणसाखालून उठला. त्यानं तिला चालण्यावरून ओळखलं नाही, चेहऱ्यावरूनही नाही. कोया म्हणाला, "अरे, दाक्षायणी," तेव्हा ओळखलं.

ती पायरी चढली. पायरीशी क्षणभर थांबली, पण ते गुडघ्यांमुळं असावं.

आत मातूनं तिचा हात धरला. "मी तेव्हा आडवी आले," ती म्हणाली.

"कशाला ते आता," दाक्षायणी म्हणाली. "माझं वाईट काही झालं नाही चेची. होडीवाला बरा निघाला. पीत होता, पण हात उचलला नाही कधी. मुलानं घर बांधलं, स्लॅबचं."

"तो पोरगा?"

"तोच. आता त्याचीच पोरगी लग्नाची झाली."

मग तिला बाहेर ओसरीवर बसवलं आणि कणारनसमोर चहा ठेवून सगळे मुद्दाम आत गेले. लीलासुद्धा गेली, म्हणजे दाराआड उभी राहिली. कणारननं ही भेट मनात कित्येकदा घडवली होती. कधी तो तिच्यावर ओरडायचा, कधी माफी मागायचा, कधी नुसता रडायचा. आता ती समोर बसून बशीत चहा ओतून फुंकत होती.

"छपरं चाळतोस म्हणे अजून?"

"हो."

"पडशील एखाद्या दिवशी."

"बघू."

"माझे गुडघे गेले. डॉक्टर म्हणतो बदला. लोखंडाचे घालतात म्हणे."

"घालतात."

तिनं बशी खाली ठेवली. तिनं विचारलं, "मोरी कुठंय?" त्यानं दाखवली. ती परत आली, कोयाला हाक मारली, जीपमध्ये चढताना कणारनला म्हणाली, "तब्येत सांभाळ." जीप गेली. कणारननं छातीवर हात ठेवून बघितला, आत कुठं काही हलतंय का. मग त्यानं दोन्ही कप उचलून विसळले.

दुसऱ्या सकाळी तो पट्टी करत असताना मातू म्हणाली, "आली होती, बघितलीस?"

"बघितली."

"काय म्हणाली?"

"गुडघे दुखतात."

मातूनं मान त्याच्याकडे वळवली. "मला वाटलं, तू मला काहीतरी बोलशील. शिव्या तरी देशील. एवढी माणसं माझ्याजवळ येऊन रडून जातात. तू एकटा काही बोलत नाहीस."

"डाव्या कुशीवर हो," कणारन म्हणाला. "मागच्या बाजूला राहिलंय."

ती वळली. त्यानं पूड भुरभुरली, वरून मलमल ठेवली, पट्टी ओढून न घेता बांधली. "घट्ट नाही ना?" त्यानं विचारलं.

"नाही," मातू म्हणाली. "तुझा हात हलका आहे."

ती पावसाळ्याच्या तोंडावर गेली, भर दुपारी, घर माणसांनी भरलेलं असताना. वसंताच्या मांडीवर डोकं होतं, लीला पेजेचं पाणी चमच्यानं घालत होती. कणारन लीलेच्याच छपरावर होता, तिनंच चाळायला सांगितलं होतं. खालून रडणं ऐकू आलं तेव्हा त्याच्या हातात एक कौल होतं. ते बसवून तो उतरला. लोक म्हणाले, बिचारा सुन्न झालाय. तो काही आज झाला नव्हता, पण हे तो कुणाला सांगत बसला नाही. घरामागच्या आवारात, माडांच्या खाली, मातूला अग्नी दिला. धूर नदीकडे गेला.

सगळं आटोपल्यावर कपाटात गोळ्यांची न उघडलेली पाकिटं राहिली. कणारन ती परत द्यायला कोयाकडे गेला.

"ठेव तिथं," कोया म्हणाला. "आणि ऐक. पुलापलीकडं एक मास्तर आहे, त्याच्या आईच्या गालाला झालंय. तिला गोठ्याजवळच्या खोलीत ठेवलंय वासामुळं. मास्तरचा हात पुढं होत नाही. तू चल गुरुवारी."

"मला नको नेऊस."

"का?"

कणारननं पाकिटं एकावर एक नीट रचली. "मला काही वाटत नाही रे कोया. चेची गेली, तरी वाटलं नाही. लोकांच्या घरी जाऊन मी काय करणार?"

कोयानं त्याच्याकडे बघितलं. थट्टा करायची का, हे तो ठरवत असावा. "तुला वाटायला कुणी बोलावलंय? वाटून घ्यायला त्यांच्या घरी भरपूर माणसं आहेत. मला पूड कुटायला माणूस हवाय."

गुरुवारी कणारन गेला. खोलीत म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. मास्तर दाराशी रुमाल धरून उभा होता. सुलैखानं जखम उघडली, कणारननं वाटीत गोळ्या टाकल्या आणि पेल्याच्या बुडानं रगडायला लागला. मास्तरनं विचारलं, "ही पोटाची गोळी ना?" कणारन म्हणाला, "पोटाचीच. या, जवळ या, तुम्हालाच करायचंय उद्यापासून." मास्तर आला नाही. दुसऱ्या गुरुवारी एक पाऊल आत आला आणि त्यानं वाटी हातात घेतली. तिसऱ्या खेपेला ते गेले तेव्हा म्हातारीची खाट ओसरीवर आणलेली होती, मास्तरची बायको तिच्या शेजारी बसून तांदूळ निवडत होती, आणि तिनं सगळ्यांना तिथंच चहा आणून दिला.

परत येताना पुलावर जीप अडकली होती. कोयानं विचारलं, "काय, कसं वाटलं?"

"चहात साखर फार होती," कणारन म्हणाला.

"पुढच्या गुरुवारी सांगू तिला कमी घालायला," कोया म्हणाला, आणि त्यानं हॉर्न वाजवला.